तुम्ही विचारलंत म्हणून: "मनावर घेऊन खाल्लं असतंस तर?"

लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), केमो, उतरलेलं वजन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. पण तब्येतीची चौकशी झाली की हा प्रश्न येतोच: "मनावर घेऊन चार घास जास्त खाल्ले असतेस, तर आतडं बंद व्हायची वेळ आली असती का?"

मी खात होते. खाल्लेलं पुढे जात नव्हतं.

जठराच्या पुढे ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग असतो. त्याचा आडवा भाग दोन रक्तवाहिन्यांच्या मधून जातो. मागे महाधमनी आणि पुढे तिच्यातूनच फुटून आतड्यांकडे उतरणारी सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी. दोघींमध्ये चरबीची गादी असते, त्यामुळे साधारण ३८ ते ६५ अंशांचा कोन आणि १० ते २८ मिलिमीटर अंतर राहतं. वजन झपाट्याने उतरलं की ही चरबीही झडते, कोन मिटतो आणि मधलं आतडं चेंगरतं. यालाच सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम म्हणतात. माझ्या सीटीत कोन १४ अंश होता, अंतर ४ मिलिमीटर. तेवढ्या फटीतून घास पुढे सरकवणं माझ्या हातात नव्हतं.

उलट्या केमोच्याच, असं सगळ्यांनी धरलं होतं, डॉक्टरांनीही. मीही. पण केमोची फेरी संपून बरेच दिवस झाले तरी त्या थांबेनात, मळमळीच्या गोळ्याही लागू पडेनात. वॉर्डातल्या एका रात्री वरचं पोट फुगून टणक झालं. उलटी हिरवीगार, पित्ताची, आणि तिच्यात सकाळी खाल्लेलं जसंच्या तसं. उताणी पडले की कळ वाढे. शेवटी गुडघे आणि कोपरं टेकून ओणवी झाले, तर कळ ओसरली. बहीण घाबरून सरळ झोपायला सांगत होती, मी हलेना. सकाळी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरबाईंना तिने तेच सांगितलं, "ओणवी झाली की हिला बरं वाटतं." त्या थबकल्या. मला उताणं झोपवलं, मग डाव्या कुशीवर, मग पालथं, आणि दर वेळी विचारलं, आता किती दुखतंय? दुपारी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी झाला. संध्याकाळी नाकातून नळी घातली. ती घशातून उतरताना जीव नकोसा झाला, पण पिशवीत हिरवं पाणी साचत गेलं, लिटरभराच्याही वर, आणि कित्येक आठवड्यांनी मला पूर्ण श्वास घेता आला. बहीण त्या पिशवीकडे बघून रडायला लागली. "गिळ गं दोन घास" म्हणून माझ्यावर सगळ्यात जास्त तीच चिडली होती.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. एक बारीक नळी चेंगरलेल्या जागेच्या पलीकडे, जेजुनममध्ये (लहान आतड्याच्या पुढच्या भागात) नेली आणि तिच्यातून आहार सुरू झाला. वजन वाढलं तसा कोन उघडला. काहींना आतडं वळसा घालून जोडायचं ऑपरेशन करावं लागतं, माझं टळलं.

आणि हे मनाचे खेळ नव्हते. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी १८६१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. एडिंबरोचे सर्जन विल्की यांनी १९२७ मध्ये ७५ रुग्णांची माहिती छापली.

आता तुमच्या बाजूचंही सांगते. मला खायची भीती बसली होती. घास तोंडाशी आला की पुढची कळ आठवायची आणि मी ताट सरकवायचे. खाणं कमी, म्हणून वजन कमी, म्हणून फट आणखी अरुंद. या फेऱ्यात भीतीचा वाटा किती आणि आतड्याचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही. तेव्हा मी स्वतःलाच म्हणायचे, तू रडतेस फार, बाकीचे केमो घेऊन जेवतात. आज तेव्हाच्या त्या मला सांगावंसं वाटतं की तुझं पोट खरोखर बंद होतं. पण मग वाटतं, सुरुवातीला, वाट पुरती मिटायच्या आधी, थोडं थोडं का होईना पोटात राहिलं असतं, तर? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. तुम्ही विचारता तेव्हा मी चिडते, कारण तुम्हाला ते सांगता येतं असं तुम्ही धरून चालता.