मेकचा रकाना

"मेक?"
"ठासणीची, एकनळी."
"ती जात झाली. मेक सांगा."

वडील गेल्यावर त्यांची शेतीसंरक्षणाची बंदूक माझ्या नावावर करून घेताना हा संवाद मी पाच महिन्यांत सहा वेळा केला. बाकीचे कागद कसे झाले ते आता आठवतही नाही. मृत्यूचा दाखला, भावंडांची संमती, सातबारा, पोलीस चौकशी, सगळं महिन्याभरात आटोपलं. घोडं अडलं ते दोन रकान्यांवर: मेक, म्हणजे बनवणारी कंपनी, आणि नंबर. आमच्या बंदुकीवर ना कंपनीचं नाव, ना साल, ना साधा आकडा.

टेबलावरच्या साहेबांच्या मते नंबर नाही म्हणजे बंदूकच बेकायदा. मी आजोबांच्या वेळचा परवाना पुढे केला. म्हटलं, शिक्का तुमच्याच कार्यालयाचा आहे. मेकसमोर निळ्या शाईने 'कंट्रीमेड' लिहिलेलं, नंबरासमोर आडवी रेघ.

"रेघ आता चालत नाही. रकाना रिकामा राहिला की कॉम्प्युटर पुढे जात नाही."
"मग शून्य टाका."
"शून्य नंबरच्या चार आहेत आधीच."

पुढच्या खेपेला साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला आचारसंहिता. चौथ्या वेळी बाहेरच्या एजंटाने तोडगा काढला: नळीला भोक पाडा, भिंतीवर टांगा, परवान्याची कटकटच नको. घरी येऊन मी शस्त्र कायद्याचं कलम ४५ वाचलं. सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला. आमची उडते. बागेतल्या माकडांना विचारा.

पाचव्या खेपेला साहेब जरा नरमले. "कुठली आहे ते तरी कोणाकडून लिहून आणा."

वडील गेल्यापासून बंदूक परवानाधारक दुकानात जमा होती. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठलं. आमच्या घरात तिला सगळे 'रायफल' म्हणत, आणि दिसायची तशीच: मीटरभर नळी, तीन कड्या, इंग्रजांच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलची जुळी बहीण. मिस्त्रींनी नळीत बारीक टॉर्च सोडला. आत गोळीला फिरकी देणारे आटेच नाहीत, गुळगुळीत. मूळ एनफिल्डला तीन आटे आणि व्यास .५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या किंचित वर. आमचा कॅलिपरवर साडेसोळा भरला.

माझ्या डोक्यात लगेच १८५७. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना मुद्दाम बिनआट्याच्या, रुंद व्यासाच्या एनफिल्ड दिल्या, लांबचा नेम साधू नये म्हणून. मी मनातल्या मनात रकान्यात 'एनफिल्ड' लिहूनसुद्धा टाकलं.

"मग मुकुट कुठंय, दादा?" मिस्त्रींनी विचारलं. सरकारी बंदुकीच्या घोड्याच्या पट्टीवर मुकुट असतो, साल असतं. आमची पट्टी आरशासारखी चकचकीत. का ते मला माहीत होतं, सांगायची लाज वाटली. दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी आजोबा विटकरीच्या पुडीने ती घासायचे, नंतर काकांनी पॉलिशपेपर आणला. तुमच्या घरात असली काही वस्तू असेल तर कृपा करून घासू नका. तेलाचा बोळा पुरे.

अजून एक, जे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेली राहू शकते. मिस्त्रींनी पहिल्यांदा गज आत सोडला, तोंडाशी अंगठ्याने खूण धरली आणि बाहेर काढून नळीला लावून पाहिला. मागच्या टोकाला केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसते त्या निप्पलपर्यंत गज पोचला, म्हणजे रिकामी. हे जाणत्याकडूनच करून घ्या.

मग त्यांनी कड्या सरकवल्या, मागचा स्क्रू काढला आणि नळी दस्त्यातून अलगद उचलली. जुन्या तेलाचा कुबट वास सुटला. नळीच्या पोटाशी, मागच्या टोकाला, रॉकेलच्या चिंधीने पुसल्यावर एक लंबगोल उमटला, तुरीच्या डाळीएवढा. आत ई, एल, जी ही तीन इंग्रजी अक्षरं आणि खाली चांदणी. लाकडाखाली आमची भक्ती पोचली नव्हती.

हा बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का. १८९३ पासून त्याच्या डोक्यावर मुकुट आला, आमच्यावर तो नाही, म्हणजे त्याआधीची. लिएजचे कारागीर दुसऱ्यांच्या नमुन्यांच्या नकला करून जगभर विकत. शिक्का चाचणीचा, बनवणाऱ्याचा नव्हे, तेव्हा कारागिराचं नाव गेलं ते गेलंच. पण मला आनंद व्हायचा तो झाला. रस्त्यातच थांबून बहिणीला फोन केला.

दुकानदाराचं पत्र घेऊन सहाव्यांदा गेलो. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"जुन्या परवान्यावर कंट्रीमेड आहे."
"हो."
"आणि ही बेल्जियमची."
"हो."
"म्हणजे ही ती बंदूक नाही."

ती बंदूक आणि ही बंदूक एकच, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. परवाना गेल्या महिन्यात हातात पडला. मेकसमोर छापलंय: 'कंट्रीमेड (बेल्जियम)'.