रिबा पो ग्रेत्स्कु: चार खेपांची नोंद

पोलंडमध्ये 24 डिसेंबरच्या रात्री, विगील्याच्या (नाताळच्या पूर्वसंध्येच्या) जेवणात, मटण-चिकन नसतं. मासे असतात. कार्प आणि हेरिंगच्या सोबतीला अनेक घरांत रिबा पो ग्रेत्स्कुही असतो: तळलेला पांढरा मासा, वर गाजर, कांदा, कंद आणि टोमॅटोचा जाड थर. नावाचा अर्थ ‘ग्रीक पद्धतीचा मासा’ असा असला तरी पदार्थ पक्का पोलिश आहे. तो बहुधा रात्रभर मुरवून थंड खातात. त्यामुळे कढईतून काढल्या काढल्या चव बघून काही ठरवू नये. खालचे सगळे निकाल 20 ते 24 तासांनंतरचे आहेत.

चारही खेपांत धरलेलं माप असं: निथळलेला मासा 700 ग्रॅम, गाजर 500, कांदा 200, पार्सलीचं मूळ 150, सेलरीचा कंद 150, टोमॅटो पेस्ट 90 ग्रॅम. ऑलस्पाइसचे (मिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मसाल्याचे) 5 दाणे, युरोपातल्या बे लीफची 2 पानं, पाणी 150 मिली, मीठ दीड चमचा, साखर 1 चमचा, लिंबाचा रस 1 मोठा चमचा. पोलंडमध्ये मासा म्हणजे दॉर्श (कॉड), मिंताय (पोलॉक) किंवा मॉर्श्चुक (हेक), आणि तो बहुधा फ्रोझन.

खेप 1. फ्रोझन बासा, पाण्यात ठेवून घाईनं वितळवलेला. पिठात घोळवेपर्यंत मैद्याची लापशी झाली, तेलात टाकल्यावर कवच सुटलं आणि काप मोडले. बाशात मुळातच पाणी जास्त असतं. फ्रोझन माशावर वरून बर्फाचा थरही असतो. 800 ग्रॅमच्या पाकिटातून हाती 630 ग्रॅम लागला. भाजीतही गफलत झाली: पेस्ट गाजराबरोबर सुरुवातीलाच घातली. आंबटपणात गाजराच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सैल होत नाही, म्हणून 25 मिनिटं शिजवूनही कीस दाताखाली कचकच लागत होता.

खेप 2. मासा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर रात्रभर वितळवला, मीठ लावून 15 मिनिटं ठेवला, मग कापडानं दाबून कोरडा केला. कवच टिकलं. पेस्ट शेवटी घातल्यामुळे गाजर 15 मिनिटांत मऊ झालं. पण दुसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाशी बोटभर पाणी! त्याची दोन कारणं होती. झाकण ठेवून शिजवल्यावर भाजी पुरेशी आटवली नव्हती, आणि गरम भाजी गरम माशावर ओतल्यानं वाफ आतच अडकली.

खेप 3. बाशाच्या जागी ताजा रावस, कातडी काढून 2 सेंटिमीटर जाडीचे काप. मांस घट्ट आणि पापुद्रे स्वच्छ सुटणारे, या पदार्थाला अगदी योग्य. सुरमई चालते, पण तिची स्वतःची चव भाजीवर चढते. ही खेप मसाल्यांनी बिघडवली. ऑलस्पाइस म्हणून दुकानात कबाबचिनी मिळाली. तिच्या प्रत्येक दाण्याला बारीक देठ होता, म्हणजे ती कंकोळ. चव कडवट आली. ऑलस्पाइसचा दाणा बिनदेठाचा, तपकिरी आणि मिऱ्यापेक्षा मोठा असतो. पानांचंही तसंच. आपल्या तमालपत्रावर तीन लांब शिरा असतात आणि त्याला दालचिनीचा वास असतो. युरोपातल्या बे लीफला मधे एकच ठळक शीर असते. ते मिळालं नाही तर पान न घालणं बरं, तमालपत्र नको.

खेप 4. ही जमली, म्हणून सविस्तर.

कांदा पातळ चिरून 4 मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर 8 मिनिटं. तो मऊ व्हायला हवा, लाल नको. गाजर आणि कंद जाड किसणीवर किसावेत. बारीक किसले तर लगदा होतो. गाजर केशरीच घ्यावं. हिवाळ्यातलं लाल गाजर गोड असतं, पण पाणी सोडतं. कीस 5 मिनिटं परतून पाणी, मसाले आणि मीठ घालून झाकण ठेवून 15 मिनिटं. पेस्ट वेगळ्या पळीभर तेलात 2 मिनिटं परतली की तिचा कच्चा वास जातो. मग ती भाजीत घालून झाकणाशिवाय 7 मिनिटं. कालथ्यानं तळ ओढला की रेघ राहिली पाहिजे, तिच्यात पाणी भरून येता कामा नये. साखर आणि लिंबू शेवटी. थंड पदार्थाची चव फिकी लागते, म्हणून गरम असताना मीठ किंचित पुढेच असावं.

मासा मैद्यात घोळवून लगेच तेलात: एका बाजूनं 3 मिनिटं, दुसऱ्या बाजूनं 2. नंतर कागदावर रचू नये, जाळीवर 20 मिनिटं ठेवावा. खालून वाफ निघून जाते. भाजी कोमट झाली की काचेच्या भांड्यात थर: भाजी, मासा, भाजी. आंबटपणामुळे ॲल्युमिनियमचं भांडं नको. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी जेमतेम चमचाभर. काप अखंड उचलले गेले आणि भाजीचा रस कवचात उतरला होता. वाढण्याआधी 20 मिनिटं बाहेर काढून ठेवावा, सोबत ब्रेड. तीन दिवसांत संपवावा.

कंद न मिळाल्यास: सेलरीचे देठ 100 ग्रॅम आणि सलगम 150 ग्रॅम घेऊन पाणी 100 मिलीवर आणावं; पार्सलीचे देठ बांधून घालावेत आणि शेवटी काढावेत. पेस्टऐवजी प्युरी असेल तर 250 ग्रॅम घेऊन आधी आटवावी. पुढच्या खेपेत जिताडा, बाकी सगळं खेप 4 प्रमाणे.