लेक मीडचा पांढरा पट्टा

“पाणी आधी कुठवर होतं गं?” अमेरिकेत लास व्हेगासजवळच्या हूवर धरणाच्या कठड्यावरून खाली बघत आईनं विचारलं.

लेक मीड म्हणजे या धरणामागचा तलाव. त्याच्या काळपट कड्यांवर सगळीकडे एकाच उंचीवर थांबलेला पांढरा पट्टा दिसतो. पाणी उतरलं आणि त्यातले क्षार खडकावर राहिले. १९८३ मध्ये तलाव इतका भरला होता की सांडव्यांवरून पाणी गेलं. २०२२ मध्ये तो पहिल्यांदा भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला.

भाड्याची गाडी घेऊन आम्ही पुढे व्हॅली ऑफ फायरला गेलो. लालभडक वालुकाश्म, कातळावर कोरलेली शिंगवाली मेंढरं. लास व्हेगासला येणाऱ्यानं यासाठी एक दिवस काढावाच. पण आई गप्प. ती लातूरची. २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा ती तिथंच होती.

परतताना म्हणाली, “त्या एवढ्या हॉटेलांना पाणी इथूनच जातं ना?”

हो, शहराचं सुमारे ९० टक्के पाणी याच तलावातलं. पण घराहॉटेलांत वापरून गटारात गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत तलावात सोडतात, हेही सांगितलं.

आई एकदम सावरून बसली. “मग हे आपल्याकडे का नाही करत?”

कुणी सांगेल तिला?