पंखा चालू असताना रडार: हॉलचा लाइट अखेर बंद झाला

काल रात्री पंखा पाचवर असताना हॉलचा लाइट आपोआप बंद झाला आणि सकाळपर्यंत बंदच राहिला. या हॉलच्या मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात, त्यांना मला केवढा आनंद झाला असेल ते सांगायला नको.

नव्यांसाठी थोडं मागचं. हॉलचा लाइट लावणारा-विझवणारा पीआयआर (उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर) काढून एलडी२४१० हा रडार सेन्सर लावला तो आईसाठी. संध्याकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत पोथी घेऊन बसते, तेव्हा पान उलटण्यापलीकडे तिची हालचाल नसते. पीआयआरला नजरेसमोर उष्णतेचा बदल लागतो, स्थिर बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. लाइट जायचा आणि वाचता वाचता आईला हात वर करून हलवायला लागायचा. २४ गिगाहर्ट्झच्या रडारला श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही पुरते, त्यामुळे तो प्रश्न पहिल्याच संध्याकाळी सुटला. पण रडारला पंख्याची पातीही दिसतात, आणि आपल्याकडे मार्च ते जून पंखा बंद होतो कुठे? घरात कोणी नसतानाही हॉलमध्ये ‘माणूस आहे’.

हा सेन्सर समोरचं अंतर पट्ट्यांमध्ये वाटतो, त्या पट्ट्याला गेट म्हणतात, आणि किती जोराचा संकेत आला की ‘माणूस’ मानायचा ती प्रत्येक गेटची मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे पंखा येतो त्या गेटचा थ्रेशोल्ड वाढवा. एक गेट पाऊण मीटरचा, मोजणी शून्यापासून. माझ्याकडे पंखा तिसऱ्या गेटमध्ये, म्हणजे सेन्सरपासून साधारण सव्वादोन ते तीन मीटरवर येत होता. तिसऱ्याचा थ्रेशोल्ड वर नेला की पंखा दिसेनासा व्हायचा, पण आईसुद्धा दिसेनाशी व्हायची, कारण तिची खुर्चीही तिसऱ्याच गेटमध्ये. हे मॉड्यूल फक्त अंतर सांगतं, दिशा नाही. वरचा पंखा आणि खालची खुर्ची त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतील, तर नुसते आकडे फिरवून त्यांना वेगळं करता येत नाही.

म्हणून आकडे सोडले आणि टेप घेतली. सेन्सर माळ्याच्या कडेवरून काढून टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, तोंड जरा खाली करून बसवला. आता खुर्ची दुसऱ्या गेटमध्ये येते आणि पंखा चौथ्यात. सेन्सरचा इंजिनिअरिंग मोड (यात तो गेटनिहाय आकडे दाखवतो) लावून प्रत्येक गेटची एनर्जी, म्हणजे संकेताचा जोर, पाहत बसले. पंखा दोनवर असताना चौथा गेट शांत, चारवर नेला की आकडा सत्तरीपार, आणि दुसऱ्या गेटवर त्याचा जवळपास काही परिणाम नाही. आलेख पाहून मी जागच्या जागी टाळी वाजवली.

पण चौथा गेट कायमचा बधिर करून चालणार नव्हतं, सोफ्याचं दुसरं टोक त्यातच येतं. तो फक्त पंखा जोरात असतानाच बधिर व्हायला हवा, आणि त्यासाठी पंखा कितीवर आहे हे घराला कळायला हवं. माझा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा रिमोटचा. रिमोट हुकूम सोडतो, पंख्याकडून उत्तर काही येत नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने घरच्या वायरिंगमधूनच संदेश पाठवणारं एक्स१० काढलं, त्यातही सुरुवातीला हेच होतं: दिवा लाव असं सांगता यायचं, तो लागला का हे विचारता यायचं नाही. मला वाटतं या छंदाची खरी प्रगती इथेच मोजावी. बोलून लाइट लावणं हा माझ्या मते रिमोटचाच पुढचा अवतार आहे. घराला स्वतःची अवस्था कळते तेव्हा ते हुशार व्हायला लागतं.

पंख्याची अवस्था मी वॅटवरून काढली. बोर्डच्या मागे वीज मोजणारा रिले (दुरून चालवता येणारा छोटा स्विच) बसवला. बोर्डात पाच अँपिअरचं सॉकेट असल्यामुळे रिलेला लागणारा न्यूट्रल तिथेच मिळाला, तो नसता तर भिंत फोडावी लागली असती. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात तीसएक वॅटच्या आत राहतो आणि प्रत्येक वेगाचा आकडा वेगळा येतो, त्यामुळे ओळख पक्की. जुन्या पंख्यावर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असलेल्यांनीही हे करून पाहावं. रिलेमुळे भिंतीवरचं बटण मात्र निकामी होऊ देऊ नका. इंटरनेट गेलं, हब (घरातली ही उपकरणं चालवणारा छोटा संगणक) बंद पडला, तरी बटण दाबल्यावर पंखा लागलाच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही.

काल रात्रीचं यश असं: पंखा चारवर किंवा त्याच्या वर गेला की हबवरचा होम असिस्टंट हा प्रोग्रॅम चौथ्या गेटचा थ्रेशोल्ड वाढवतो, खाली आला की परत उतरवतो.

आणि हे लिहिता लिहिताच ते बदलायचं ठरवलं. थ्रेशोल्ड मॉड्यूलच्या कायमच्या मेमरीत जातो, वीज गेली तरी टिकतो. म्हणजे दिवसभर पंखा वर-खाली होताना दर वेळी तिथे लिखाण होणार, आणि अशा मेमरीला लिखाणाची मर्यादा असते. त्यापेक्षा मॉड्यूलचे आकडे एकदा ठरवून सोडून द्यायचे, इंजिनिअरिंग मोड चालू ठेवायचा, आणि गेटनिहाय एनर्जी वाचून निर्णय ईएसपीहोमच्या (सेन्सर जोडलेल्या छोट्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम) लॅम्डामध्ये, म्हणजे त्यात आपण लिहिलेल्या कोडच्या तुकड्यात, घ्यायचा. वीज गेली की तो मोड बंद होतो, म्हणून बूट होताना तो लावण्याची ओळ हवी. पंख्याचे वॅट ईएसपीहोममध्येच आणता आले तर हब बंद असतानाही हॉल चालेल. आजची रात्र यातच जाणार.

खरेदीबद्दल: घेणार असाल तर एलडी२४१०चं सी मॉडेलच घ्या. त्याच्या पिना २.५४ मिमीच्या, साध्या जंपर वायर बसतात. मूळ एलडी२४१० आणि बी या दोन्हींच्या पिना १.२७ मिमीच्या, सोल्डर करताना डोळ्यांची परीक्षा होते. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला सी सांगून बी पाठवला, म्हणून पाकीट फोडण्याआधी फोटो काढून ठेवा. पाच व्होल्टचा अडॅप्टर मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन, हातात धरून, वजन बघून घेते. पुरवठा स्वच्छ नसेल तर रिकाम्या खोलीतही एनर्जी नाचत राहते आणि आपण उगाच पंख्याला दोष देत बसतो.

 

बेडरूमला एलडी२४५० हा दुसरा रडार सेन्सर लावणार आहे. त्याला दिशाही कळते, तीन माणसांपर्यंत प्रत्येकाच्या जागेचे एक्स-वाय आकडे मिळतात, त्यामुळे तिथे गेटचा हा खेळ नसावा. छताच्या पंख्याखाली कोणी तो वापरत असेल, तर पंखा पूर्ण वेगात असताना खोटं टार्गेट दिसतं का आणि सेन्सर किती उंचीवर आहे, एवढं कळवा. भिंतीला भोक त्यानंतरच पाडेन.