1 की 7: अण्णांच्या जीपच्या फेरनोंदणीचा माझा अनुभव

आमच्या घरची महिंद्रा एमएम 540 ही जीप 1987 सालची आहे आणि तिच्या चेसिस क्रमांकातला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकातला, शेवटचा आकडा 1 आहे. एवढी एकच गोष्ट सरकारी दप्तरात मान्य करून घेण्यासाठी मला 7 महिने लागले, नाशिकहून दुसऱ्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी 11 फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्या काळात साठलेला राग अजूनही पुरता ओसरलेला नाही. जुनी जीप घरात असलेल्या आणि तिचे पासिंग करून घेऊ पाहणाऱ्या कुणाला तरी उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, कालव्यांच्या कामांवर ठेकेदारी करत असताना त्यांनी ही जीप त्या जिल्ह्यात नवी घेतली. पुढे आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या शेतीवर परतलो, जीपही आमच्याबरोबर आली, पण तिची नोंदणी तिकडचीच राहिली. 2002, 2007 आणि 2012 अशी तीन वेळा अण्णांनी स्वतः गाडी चालवत तिकडे नेऊन नूतनीकरण करून आणले. 2017 मध्ये मुदत संपली तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते आणि 2019 मध्ये ते गेले. त्यानंतर जीप द्राक्षबागेच्या कडेला शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. पावसाळ्यात आमच्या शिवारातली काळी माती अशी चिकटते की बैलगाडीचे चाकही फिरत नाही, आणि त्या चिखलातून फोर बाय फोर लावून, लो गिअरमध्ये, पावलाच्या वेगाने द्राक्षांच्या औषधांचे डबे घेऊन बागेपर्यंत जाणारी ती एकच गाडी होती. ती भंगारात देण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला; 2023 च्या जूनमध्ये मी तो कायमचा बाजूला सारला आणि कागद हाती घेतले.

नियम तसा सरळ आहे. खाजगी वाहनाची नोंदणी 15 वर्षे चालते आणि नंतर दर 5 वर्षांनी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरणासाठी नमुना 25, मालक मृत झाल्यामुळे वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना 31, पत्ता बदलण्यासाठी नमुना 33, आणि गाडी जिथे नोंदली गेली त्या मूळ परिवहन कार्यालयाच्या (आरटीओच्या) ना हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना 28. मृत्यूचा दाखला, आईचे आणि बहिणीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र हे सगळे आठवडाभरात तयार झाले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

अडले ते ना हरकत प्रमाणपत्रापाशी. हे प्रमाणपत्र आता संगणकातूनच निघते आणि त्यासाठी गाडीची नोंद ‘वाहन’ या राष्ट्रीय प्रणालीत असावी लागते. आमची जीप त्यात नव्हती. अण्णांच्या आरसी बुकात, म्हणजे नोंदणी पुस्तकात, तिन्ही नूतनीकरणांचे शिक्के आणि सह्या होत्या, परंतु संगणकाच्या दृष्टीने अशी गाडी अस्तित्वातच नव्हती. अशा वेळी मूळ कार्यालयाने आपल्या जुन्या नोंदवहीवरून ती माहिती प्रणालीत भरायची असते. त्याला सगळे ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. त्यासाठी अर्ज दिला. पहिल्या दोन फेऱ्यांत नोंदवहीच सापडली नाही. तिसऱ्या फेरीत ती सापडली, आणि खिडकीपलीकडच्या लिपिकाने मान वर न करता सांगितले, “दादा, तुमच्या पुस्तकात शेवटचा आकडा 1 आहे, आमच्या रजिस्टरला 7 आहे. नंबर जुळत नाही, एन्ट्री होणार नाही.”

मी त्यांना चेसिसवरून काढलेला पेन्सिलचा छाप दाखवला. तो काढण्यासाठी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी, ज्यांना अण्णांपासून आम्ही सगळे चाचा म्हणत आलो, अर्धा दिवस घालवला होता: गंज रॉकेलने भिजवून, मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करून, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली होती. (इथे एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती फार महत्त्वाची आहे. चेसिस क्रमांकाच्या जागेला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावू नका. आकडे पुसट झाले की नंबर खोडल्याचा संशय येतो आणि मग प्रकरण फार वेगळ्या वाटेला जाते.) छापावर 1 अगदी स्वच्छ दिसत होता. तरीही उत्तर तेच आले की कार्यालय आपल्या रजिस्टरप्रमाणेच चालणार.

तिथून पुढच्या फेऱ्या आठवल्या तरी माझे डोके तापते. ठक्कर बाजारहून पहाटेची एसटी, पाच तासांचा प्रवास, आणि पोहोचल्यावर कधी संबंधित साहेब दौऱ्यावर, कधी सर्व्हर बंद, कधी “फाइल वरती गेली आहे”. एका वेळी प्रतिज्ञापत्र मागितले, ते दिल्यावर पुढच्या वेळी गाडी चोरीची नसल्याचा पोलिसांचा अहवाल मागितला, तोही दिल्यावर गाडीच प्रत्यक्ष आणून दाखवा असे सांगितले. नोंदणीची मुदत संपलेली आणि विमा नसलेली गाडी रस्त्यावरून चालवत आणता येत नाही हे मी त्यांना सांगितले, तेव्हा दुसऱ्या वाहनावर लादून आणा असे उत्तर मिळाले. सर्वांत जास्त टोचत होते ते हे, की नूतनीकरणाच्या विलंबाचे शुल्क महिन्यांवर मोजले जाते. म्हणजे उशीर त्यांच्या टेबलावर होत होता आणि दर महिन्याला भर माझ्या दंडात पडत होती.

याच दिवसांत कार्यालयाबाहेरच्या टपरीवर एका एजंटाने मला बाजूला घेऊन सांगितले की कागद बदलण्यापेक्षा लोखंड बदलणे सोपे असते. 1 चा 7 पंच करून देणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे. मी क्षणभरही विचार न करता तिथून निघालो. चेसिस क्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा आहे, आणि तसा तो नसता तरी अण्णांच्या गाडीच्या अंगावर खोटा आकडा मी पाडू दिला नसता.

संतापाच्या भरातही एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. जुन्या जीपकडे संशयाने पाहण्याला कारण आहे आणि ते या गाडीच्या जन्मापासूनचे आहे. 1940 मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, तेव्हा बँटम या छोट्या कंपनीने 49 दिवसांत पहिली गाडी उभी केली. पण सैन्याने त्याच धर्तीच्या गाड्या विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडूनही बनवून घेतल्या. अखेर 60 अश्वशक्तीच्या इंजिनामुळे विलीसची गाडी पसंत पडली आणि फोर्डनेही तीच परवान्याखाली बनवली, अशा रीतीने की एकीचा भाग दुसरीला बसावा. आघाडीवर मोडलेल्या तीन गाड्यांतून एक चालती गाडी तयार व्हावी, हीच तर त्यामागची गरज होती. युद्धानंतर 1945 मध्ये विलीसने नागरी वापरासाठी सीजे मालिका आणली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने 1947 पासून विलीस जीप आणली, मुंबईत माझगावला सुट्या भागांतून तिची जुळणी सुरू केली, आणि 1953 चे उंच बॉनेटचे सीजे-3बी हे मॉडेल तर अमेरिकेत 1968 मध्ये थांबल्यावरही इथे कितीतरी वर्षे बनत राहिले. आमची एमएम 540 त्याच घराण्यातली, फक्त तिच्या पोटात प्यूजोच्या परवान्याचे 2,112 सीसीचे डिझेल इंजिन आहे.

भाग एकमेकांना बसतात, हा या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे आणि कागदाच्या बाबतीत तोच तिचा शत्रू ठरतो. सैन्याच्या लिलावातल्या डिस्पोजलच्या जीपा, एकीची चेसिस, दुसरीची बॉडी, तिसरीचे इंजिन, अशा जोडकामाच्या गाड्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. म्हणून तपासणारा माणूस चेसिस आणि इंजिन हे दोनच आकडे पाहतो. चाचांनी अण्णांना अनेकदा सुचवले होते की प्यूजो इंजिन काढून नंतरचे ताकदवान डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवू. अण्णांनी ते कधीच ऐकले नाही, आणि त्या हट्टाची किंमत मला आता कळते, कारण आमचा इंजिन क्रमांक पुस्तकाशी तंतोतंत जुळत होता. तुमच्या जीपचे इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर नूतनीकरणाच्या आधी ती नोंद करून घ्या.

सुटका झाली ती माहितीच्या अधिकारामुळे. आठव्या फेरीनंतर मी तोंडी बोलणे बंद केले. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला: आमच्या गाडीची नोंद असलेल्या पानाची पाहणी करू द्यावी आणि त्याची प्रमाणित प्रत द्यावी. कायद्याने उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. मला 26 व्या दिवशी पत्र आले. नवव्या फेरीत ती नोंदवही पहिल्यांदा माझ्यासमोर उघडली गेली.

कडा झिजलेल्या पिवळट पानावर निळ्या शाईत अण्णांचे नाव होते. ते पाहून मी काही वेळ बोललोच नाही. नंतर आकडा पाहिला, आणि खरोखरच तो 7 सारखा दिसत होता. वरून डावीकडे लांब फाटा ओढलेला. मी त्याच ओळीत उजवीकडे सरकलो. तिथे नोंदणीची तारीख होती आणि त्या तारखेत साल होते 1987. त्या सालातला 1 अगदी तसाच, लांब फाट्याचा होता. आणि त्याच सालातल्या 7 ला मधोमध एक आडवी रेघ होती. मी पानावरच्या बाकी ओळी पाहिल्या. ज्या माणसाने ते पान लिहिले होते, त्याने प्रत्येक 7 ला आडवी रेघ दिली होती आणि प्रत्येक 1 ला फाटा. आमच्या चेसिस क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याला आडवी रेघ नव्हती.

त्या क्षणाचा अभिमान मी लपवणार नाही. 36 वर्षांपूर्वीच्या एका लिपिकाने नोंद बिनचूक केली होती. चुकले होते ते वाचणारे. मी प्रमाणित प्रत घेतली, त्यावर सालातला 1, सालातला 7 आणि आमचा आकडा असे तिन्ही पेन्सिलने गोल केले, सोबत चेसिसचा छाप आणि अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत आईला सापडलेल्या 1988 आणि 1991 च्या विमा पावत्या जोडल्या, ज्यांवर टंकलिखित 1 होता. दहाव्या फेरीत हा अर्ज कार्यालय प्रमुखांच्या नावाने आवक विभागात दिला आणि आवक क्रमांकाची पोच घेतली. नवव्या दिवशी एन्ट्री झाल्याचा फोन आला. अकरावी फेरी ना हरकत प्रमाणपत्र आणण्यासाठी होती, आणि परतीच्या एसटीत मी अनेक महिन्यांनी निवांत झोपलो.

आपला अर्ज पहिल्या दिवसापासून लेखी द्या आणि पोच घ्या, हे मी सर्वांत आधी सांगायला हवे होते. पहिल्या दोन महिन्यांतल्या माझ्या फेऱ्यांचा कुठेही पुरावा नाही. दुसरे, गाडीवरचा खर्च कागद हलल्याशिवाय करू नका. मी जूनमध्येच उत्साहाने नवी बॅटरी आणि चार टायर घेतले. बॅटरी उभ्या उभ्या निकामी झाली. स्प्रिंगचे पाटे, ब्रेक आणि डिझेल पंपाचे काम मात्र चाचांनी प्रमाणपत्र हातात आल्यावरच सुरू केले, तेही त्यांच्याच आग्रहाने.

नाशिकला पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात पुढचे सगळे तीन आठवड्यांत आटोपले. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक पाहिले, चेसिस आणि इंजिनचे आकडे स्वतः वाकून वाचले, आणि बॉनेट बंद करताना म्हणाले, “ओरिजिनल ठेवली आहे, काका. सांभाळा.” नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा 5,000 रुपये होते, शिवाय पर्यावरण कर आणि ते महिन्यांवर मोजलेले विलंब शुल्क, ज्याचा मी वर उल्लेख केला. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांहून जुन्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे, तेव्हा जुना आकडा धरून बजेट करू नका.

एका मित्राची सीजे-3बी 50 वर्षांहून जुनी आहे आणि तो मला विचारत होता की 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करावी का. त्या नोंदणीला 10 वर्षांची मुदत मिळते, पण गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढता येते. ज्याला जीप शेतात न्यायची आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या आरसीचे कार्ड 2024 च्या फेब्रुवारीत टपालाने घरी आले, त्यावर माझे नाव आणि शेवटी 1 असलेला चेसिस क्रमांक आहे. त्याच दुपारी मी आईला शेजारी बसवून जीप दिंडोरीला नेली. सातपूरजवळ कारखान्यातून महिंद्राच्या नव्या थार गाड्या भरून निघालेला एक लांब ट्रेलर आमच्या पुढे चालला होता, आणि आई त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “तोंडवळा आपल्या गाडीचाच आहे.” मुदत 2029 पर्यंत आहे. नोंदवहीच्या पानाची ती प्रमाणित प्रत मी लॅमिनेट करून अण्णांच्या ट्रंकेत, आरसी बुकाच्या खाली ठेवली आहे आणि ती कुठे आहे हे मुलाला दाखवून ठेवले आहे.