सायकलच्या घंटीचा क्रोम: रेंडर क्रमांक 23 पर्यंत

संगणकावर घंटीचं थ्रीडी मॉडेल पूर्ण झालं तेव्हा वाटलं होतं, आता मटेरियलचं, म्हणजे पृष्ठभागाच्या रंग-चकाकीचं, ते काय! मेटॅलिक (धातूपणा) 1, रफनेस (खरखरीतपणा) 0, झालं क्रोम. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ‘सायकल्स’ या इंजिनवर रेंडर लावला, म्हणजे मॉडेलचं अंतिम चित्र काढायला सांगितलं, आणि पडद्यावर आली राखाडी प्लास्टिकची पालथी वाटी.

पुढचे नऊ रेंडर मटेरियलचे आकडे खालीवर करण्यात गेले. त्यातून हाती लागलं एवढंच, की बेस कलर 0.9 धरला होता तो चुकीचा. तो चांदी-ॲल्युमिनियमच्या जवळचा. क्रोमियम दिसणाऱ्या प्रकाशाचा साधारण 55 टक्केच भाग परत पाठवतं, म्हणून आता 0.55. म्हणजे क्रोम चांदीपेक्षा चांगलाच काळपट, तरी आपल्याला तो लखलखीत वाटतो. हे कसं, ते दहाव्या रेंडरला उलगडलं.

तोवर सभोवताल म्हणून, म्हणजे घंटीत ज्याचं प्रतिबिंब पडतं ते चित्र म्हणून, खोलीचा साधा जेपेग लावला होता. त्यात खिडकीची उजळताही 1 आणि पांढऱ्या भिंतीचीही 1. त्याच्या वर आकडा जातच नाही. 0.55 ने गुणलं की दोन्ही सारख्याच करड्या. एचडीआरआयमध्ये, म्हणजे 1 च्या वरची उजळताही साठवणाऱ्या चित्रात, खिडकी 20 असू शकते, गुणून 11 उरते, म्हणजे अजूनही डोळे दिपवणारी. भिंत मात्र खाली बसते. फाइल बदलली आणि मटेरियलला हात न लावता वाटीची घंटी झाली. गंमत म्हणजे सभोवतालच्या प्रकाशाची अशी चित्रं टिपायला 1998 मध्ये संगणक-चित्रणातले संशोधक पॉल डेबेव्हेक यांनी आरशासारखा गोळाच वापरला होता. वेगवेगळ्या एक्स्पोजरला त्याचे फोटो काढायचे आणि एकत्र करायचे. आपण तेच उलट्या बाजूने करतोय.

तरी काहीतरी कमी होतं. खऱ्या घंटीचा फोटो शेजारी ठेवून बघत बसलो. फोटोत काळं भरपूर होतं, माझ्याकडे जवळपास नव्हतंच. उत्पादनांचे फोटो काढणारे वस्तूच्या बाजूला काळे पुठ्ठे उभे करतात, तसे दोन प्लेन (सपाट पत्रे) घातले आणि ते कॅमेऱ्याला थेट दिसू नयेत, फक्त प्रतिबिंबात यावेत, म्हणून त्यांच्या रे व्हिजिबिलिटी या सेटिंगमध्ये कॅमेरा बंद केला.

इथे फसलो. पुठ्ठे बरोबर डाव्या-उजव्या बाजूला ठेवले, तर काळे पट्टे कडेला यायचे सोडून घुमटावर बरेच आत आले. कागदावर आकृती काढली तेव्हा समजलं: कॅमेऱ्याच्या दिशेपासून 90 अंशांवरची वस्तू दिसते ती पृष्ठभाग 45 अंश वळलेला असतो तिथे, म्हणजे मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे 70 टक्क्यांवर. कडेला दिसतं ते घंटीच्या मागचं जग. पुठ्ठे मागे सरकवत 150 अंशांपर्यंत नेले, तेव्हा कुठे काठाला ती बारीक काळी रेघ आली. माझ्या मते क्रोमचं निम्मं काम ही रेघच करते.

बाकी किरकोळ. घुमट यूव्ही स्फिअर (अक्षांश-रेखांशांसारख्या जाळीचा गोळा) अर्धा कापून केला होता. सबडिव्हिजननंतर, म्हणजे गुळगुळीतपणासाठी जाळी बारीक केल्यावर, शेंड्याशी त्रिकोण एकवटून प्रतिबिंब चिमटल्यासारखं दिसायचं. क्यूबपासून (घनापासून) पुन्हा बनवला. तपासायची युक्ती: सभोवताली काळे-पांढरे पट्टे लावायचे, जिथे पट्टा डगमगतो तिथे जाळी खराब. खटका आणि घुमट यांच्या फटीतले काळे ठिपके ग्लॉसी बाउन्सेस (चकचकीत पृष्ठभागांवरून किरण किती वेळा उसळू द्यायचा तो आकडा) 4 चे 12 केल्यावर गेले. काठाला अर्ध्या मिलिमीटरचा बेव्हल दिला, म्हणजे धार थोडी मारली. डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारी सोय) शेवटच्या रेंडरला बंदच ठेवतो. प्रतिबिंबातली खिडकीची गजं तो सरळ लोणी करून टाकतो.

रफनेस 0 वरून 0.03 केला, त्यात हलकासा नॉइज (अनियमित कमी-जास्तपणा). बोटांचे ठसेही करून पाहिले, पण घंटी गॅरेजमध्ये पडून असल्यासारखी दिसली. काढले.

एक गोष्ट अजून खटकते. खऱ्या फोटोत घुमटाच्या मधोमध फोटोग्राफर दिसतोच, बारका, कॅमेरा डोळ्याला लावलेला. माझ्या घंटीत तिथे रिकामी खोली आहे. चोविसाव्या रेंडरला एक ओबडधोबड माणूस कॅमेऱ्यामागे उभा करणार आहे. खोक्यांचा केला तरी चालेल, तो तिथे तांदळाएवढाच दिसणार.