घंटेजवळचे मामा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘क्रीडा विभागा’त लिहा, असा फोन आला आणि मला हसूच फुटलं. मैदानावर मी शाळेला एक कप मिळवून दिलेला नाही. खो-खोला नऊ गडी उतरायचे, माझा नंबर बादलीपाशी. ग्लास विसळायचे, सरांची शिट्टी सांभाळायची.

पण घंटेजवळच्या शिपाईमामांना मी लागायचो. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा, तोही इमारतीच्या पुढच्या अंगाला. मैदान मागे. मामांना खेळाचं भारी वेड, पण जागा सोडता यायची नाही. आरडाओरडा ऐकू आला की मला हाक यायची, “जा रं, बघून ये.” मी पळत जायचो, पळत यायचो, “मामा, आपण जिंकतोय!”

“जिंकतोय ते ऱ्हाऊ दे. पळतंय कोन? खुंटाकडं हाय का मधी? बसल्यात त्यांची तोंडं कुठल्या अंगाला?”

मग परत धूम. चार-पाच हेलपाट्यांनंतर कळलं की आधी जागा सांगायची, मग गडी, मग काय झालं ते. उलट सांगितलं तर मामांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहायचं नाही आणि आपल्याला आणखी एक हेलपाटा पडायचा. पुढे तीस वर्षं याच क्रमावर मी पोट भरलं.

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ सालचं. आमच्या घरातल्या रेडिओचा काटा त्याच्या १२५१ किलोहर्ट्झवर गंजल्यासारखा बसलेला असायचा. क्रिकेट असलं की बाळ पंडितांचं मराठी समालोचन. क्रिकेट मराठीत इतकं घरचं वाटू शकतं, हे त्यांच्यामुळे समजलं. नव्वदच्या दशकात आवाजाची चाचणी देऊन मी नैमित्तिक निवेदक झालो. खेळ लगेच मिळाला नाही. पहिली दोन वर्षं हळद, गूळ आणि बेदाण्याचे भाव वाचले. हळदीचा भाव चुकीचा वाचला तर लोक किती चिडतात, हे खेळाच्या निवेदकानं एकदा तरी अनुभवावं.

पुढे कुस्त्या आल्या. रेडिओवर क्रिकेट सोपं, षटक संपलं की श्वास घेता येतो. कुस्तीत मात्र दोन पैलवान दहा-दहा मिनिटं मातीत एकमेकांवर पडून राहतात. वरच्याचा ताबा, खालचा बसलाय घट्ट. एवढं चार वेळा सांगून झालं की पुढे काय सांगणार? अशा वेळी कवठे पिरानचे मारुती माने माझ्या मदतीला यायचे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं त्यांचं सुवर्णपदक मी इतक्यांदा सांगितलंय की एका श्रोत्यानं पत्रातून विचारलं, “पुढचं पदक कधी?” आणि नेमकं आपण जकार्तात असताना इकडे घिस्सा डाव बसतो, हलगी कडाडते, कुस्ती निकाली! एकदा तर दोघांचे लांग लाल आणि दोघांचं अंग मातीनं माखलेलं. मी छातीठोकपणे हरलेल्यालाच विजयी केला. शेजारच्या तंत्रज्ञानं कोपर मारलं तेव्हा पंचांनी वर धरलेला हात दिसला. दुरुस्ती केली, पण हरलेल्याच्या गावात म्हणे तोवर गुलाल उधळून झाला होता.

मग टीव्ही. एका स्थानिक केबल वाहिनीनं कबड्डीसाठी बोलावलं. कॅमेरा एक, लाइट दोन, आणि मानधनासाठी माझे तीन हेलपाटे. मी सवयीनं सुरू झालो: “चढाईपटू उजव्या कोपऱ्यात, बोनस रेषेकडे पाय...” कानातल्या यंत्रातून आवाज आला, “साहेब, दिसतंय ते.” दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, समोर नवा टीव्ही. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काल समदं दिसत हुतं की रं. तू कशापायी वरडत हुतास?”

लागलं मनाला. शिकवलं त्यांनीच आणि बोलही त्यांचेच. पण तेव्हापासून टीव्हीवर मी वाक्यं खाऊ लागलो. चढाई सुरू झाली की गप्प. पकड झाली की गड्याचं नाव, बस्स. बोलण्यापेक्षा हे अवघड. नव्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. मोकळी जागा दिसली की आकडे ओततात.

मार्च २०२३मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली. एका वाहिनीसाठी मीही माइकवर होतो. अंतिम लढतीत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला चितपट केलं. आपल्या गावची पोर पहिली महिला महाराष्ट्र केसरी. सगळं मैदान उठून उभं राहिलं. मी नाव घेतलं, ‘सांगली’ म्हणालो आणि माइक खाली घेतला.

कानात निर्माता ओरडत होता, “बोला, बोला! झोपलात काय?”